तीन सिलिंडरवर बावीस किलोमीटर

आम्ही निघालो होतो माझ्या धाकट्या भावाला शोधायला.

तो पठारावर एकटा राहायचा. हवामान मोजायचं केंद्र होतं तिथे. पत्र्याच्या दोन खोल्या, उंच घोडीवर ठेवलेली पाण्याची टाकी आणि वीस मीटर उंचीचा लोखंडी खांब. रोज सकाळी आठ वाजता तो रेडिओवरून आकडे वाचायचा. वारा कुठून आणि किती, तापमान किती, हवेचा दाब किती. त्यातलं मला फारसं काही कळत नसे. पण गॅरेजमधला रेडिओ मी त्या वेळेला लावायचोच. आकड्यांच्या आधी तो खाकरायचा, आणि आकडे संपले की म्हणायचा, "बस, आजचं एवढंच." अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. मग पठारावर धुळीचं मोठं वादळ झालं आणि रेडिओ गप्प झाला. एक दिवस. दोन दिवस. तीन दिवस.

हवामान खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "मदतीचा ट्रक पठाराच्या पलीकडच्या टोकाला गेलाय. केंद्रावर पोचायला त्याला पाच दिवस लागतील. टाकीत पाणी भरपूर आहे. काळजी नसावी."

दवाखान्यातल्या नर्सबाई गॅरेजमध्ये स्कूटर दुरुस्तीला टाकून बसल्या होत्या. मी परत येऊन हे सांगितलं ते ऐकून त्या म्हणाल्या, "टाकीत पाणी आहे हो, पण टाकीपर्यंत त्याला चालता येतंय का, हे कोण बघणार?"

झालं! चौथ्या दिवशी उजाडायच्या आत आमची जीप निघाली. गाडी माझ्याच हातांनी तीनदा उघडून तीनदा बांधलेली, जुनी, पेट्रोलची, चार सिलिंडरची. चालवायला माझी सून. मुलगा रेडिओशी बसून राहिला. आवाज आलाच तर ऐकायला कोणीतरी हवं होतं. तसंही आमच्या घरात मुलगा गाडी दुरुस्त करतो आणि सून गाडी ओळखते. मागच्या बाकावर नर्सबाई, त्यांची औषधांची पेटी आणि वीस वीस लिटरचे पाण्याचे दोन डबे. केंद्र नव्वद किलोमीटरवर. संध्याकाळपर्यंत पोचू असा हिशेब होता.

पठाराच्या कडेला दगडांची एक उंच धार आहे. ती चढून पलीकडे उतरावं लागतं. चढ म्हणजे नुसते सुटे दगड. चाक एक हात पुढे जायचं आणि वीतभर मागे घसरायचं. सूनबाईने पहिल्या गिअरमध्ये तासभर गाडी रेटली. इंजिन तापू लागलं तशी तिने भर उन्हात हीटर चालू केला. इंजिनाची थोडी उष्णता तरी त्या वाटेने बाहेर जाते.

"नर्सबाई, घाम येतोय का?" तिने विचारलं.

"नाही गं, शिजतेय मी," नर्सबाई म्हणाल्या. "मीठ तेवढं टाक."

अखेर माथा आला! समोर पठार पसरलं होतं. पांढरं, सपाट, कुठे झाड नाही की झुडूप नाही, लांबवर जमीन आणि आभाळ एकमेकांत मिसळलेलं. उतार सुरू झाला. मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि तो खांब शोधू लागलो.

"बाबा," सून म्हणाली, "काटा मघाशी लाल रेघेपर्यंत गेला होता. आता एकदम खाली आलाय."

मी दुर्बीण काढली नाही. "उतार लागलाय. उतरणारच."

"पण हीटरमधून गार हवा येतेय."

"चल गं तू पुढे."

पंचेचाळीस वर्षं मी लोकांची इंजिनं बघतोय. टेम्परेचरचा काटा ज्याच्या जोरावर हलतो तो छोटा सेन्सर इंजिनाच्या पाण्यात बुडालेला असतो. पाणीच निघून गेलं तर तो हवेत लोंबकळतो आणि काटा खाली पडतो. इंजिन आत जळत असतं आणि काटा सांगतो, सगळं गार आहे! हीटरमधून गार हवा येते तीसुद्धा त्याचीच खूण. हे मी कालच्या पोरालाही शिकवलं असतं. पण मी खांब शोधत होतो.

आधी वास आला. गोडसर, करपट. मग इंजिनात खडखड सुरू झाली, डब्यात खडे भरून हलवावेत तशी. गाडीतला जोर गेला. बॉनेटच्या फटींतून पांढरा लोट उठला.

"बंद कर! इंजिन बंद कर!"

सुनेने किल्ली फिरवली. गाडी घरंगळत दोनशे हातांवर थांबली. उतार संपला होता. पठारावर आम्ही पोचलो होतो. मीटर चौसष्ट किलोमीटर दाखवत होता. राहिले होते सव्वीस.

दुपारचे दोन वाजले होते.

सून खाली उडी मारून बॉनेट उघडायला धावली. तिचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला तसा मी तो धरला.

"पोरी, तोंड भाजून घ्यायचंय का?"

"माहितीये मला, बाबा. वाफ कुठून येतेय ते बघत होते."

नर्सबाई डबा घेऊन आल्या. "ओता की पाणी. कशाची वाट बघताय?"

"तापलेल्या काचेच्या पेल्यात गार पाणी ओतलंय कधी?"

"एकदा."

"मग? इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक लोखंडी. एकदम गार पडलं तर दोन्ही वेगवेगळे आकसतात. तडा जातो. मग इथेच घर बांधायचं."

चाळीस मिनिटं आम्ही गाडीच्या सावलीत बसलो. माझा भाऊ सव्वीस किलोमीटरवर होता आणि मी एका गरम लोखंडासमोर हात बांधून बसलो होतो! असा वेळ माणसाला फार वाईट विचार देतो.

गार झाल्यावर फाटलेली जागा लगेच सापडली. रेडिएटरच्या खालच्या अंगाचा रबरी पाइप एका पट्टीला घासून बोटभर चिरला होता. तो मी ट्यूबच्या रबराने गुंडाळला, वरून तार आवळली. अर्ध्या तासाचं काम. पण पाइप फाटणं हा आजार नव्हेच. तो आजाराचा दरवाजा. खरा प्रश्न पुढचा होता: पाण्याशिवाय दोन-तीन किलोमीटर पळालेल्या इंजिनात आत काय काय मोडलं?

मी तेलाची काडी उपसली.

काडीवरचं तेल काळं नव्हतं. दूध घातलेल्या कॉफीसारखं झालं होतं.

तेलात पाणी! म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधली गॅस्केट गेली. पाण्याची वाट आणि सिलिंडर यांच्यातली भिंत फुटली. असं तेल इंजिनाच्या सांध्यांना धरत नाही. सांधे कोरडे पडतात, घासतात आणि शेवटी जाम होतात. गिऱ्हाइकाची गाडी असती तर मी हात झटकून म्हटलं असतं, "किल्ली इथे ठेवा आणि चालत घरी जा."

मी मागे बघितलं. सून पाइपवरची तार तपासत होती. नर्सबाई पेटीतल्या बाटल्या सावलीत सरकवत होत्या. मी काडी फडक्याने पुसली. स्वच्छ पुसली. आणि म्हणालो, "तेल साफ आहे. पाणी भरा, निघू या."

सून उठली. "थांबा, मी बघते."

"मी बघितलंय की."

"आपला नियम आहे ना, बाबा? दोघांनी वेगवेगळं बघायचं, मग बोलायचं."

हा नियम मीच घातलेला. पूर्वी एका डॉक्टरची गाडी मी एकट्याने बघून चांगली ठरवली होती आणि ती घाटात बंद पडली होती. तेव्हापासून आमच्याकडे दोन माणसं बघितल्याशिवाय निदान सांगत नाहीत. एकाने काय पाहिलं ते दुसऱ्याला आधी सांगायचं नाही. सुनेला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, पाना धरायच्याही आधी.

तिने काडी बुडवून काढली. उन्हात धरली. मग माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. फडक्यावर फिकट तपकिरी डाग होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "का?"

"तो चार दिवस तिथे..." एवढंच म्हणालो.

नर्सबाईंनी पेटीचं झाकण लावलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मिस्त्री, तीस वर्षं दवाखान्यात आहे मी. पेशंट थोडं खोटं बोलतो. नातेवाईक जास्त बोलतो. लबाड असतो म्हणून नव्हे. त्याला फक्त बरं तेच ऐकायचं असतं म्हणून. नातेवाइकाला मी कधी निदान करू देत नाही. डॉक्टर असला तरीही नाही."

"मग कोण करणार?"

"ही करेल," त्यांनी सुनेकडे मान हलवली. "तुम्ही हात द्या. बोलणार ही."

सून माझ्यापुढे उभी राहिली. डोळे भरले होते तिचे, पण आवाज सरळ. "काका माझेही आहेत, बाबा. लग्नात माझ्या बाजूने तेच उभे राहिले होते, तुम्ही नाही. पाना द्या इकडे."

खरं होतं ते. मी पाना दिला.

तिने चारही प्लग काढून बॉनेटवर ओळीने ठेवले. एक, दोन आणि चार नंबरचे तपकिरी, कोरडे. तीन नंबरचा मात्र नव्यासारखा लखलखत होता, वाफेने धुतल्यासारखा.

"तीनमध्ये पाणी जातंय," ती म्हणाली. "आता फिरवा. बाजूला उभे राहा, नर्सबाई!"

मी पुढचं हँडल घालून इंजिन फिरवलं. तीन नंबरच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली! थेट नर्सबाईंच्या चपलेवर.

"सांगितलं होतं ना?"

"बाजू कुठली ते सांगितलं नव्हतंस!"

मग सुनेने एकेका भोकावर अंगठा दाबून धरला आणि मी फिरवत राहिलो. एक नंबरने तिचा अंगठा उडवला. दोननेही. चारनेही. तीन नंबर नुसतं फुसफुसलं. कान लावून तिने ब्लॉक ऐकला. हँडल फिरताना कुठे अडतंय का, करकरतंय का, ते मला विचारलं. मी खरं ते सांगितलं: अडत नव्हतं, पण जड चालत होतं.

ती हात पुसत उभी राहिली आणि आमच्यासमोर बोलली, गॅरेजमध्ये गिऱ्हाइकासमोर बोलते तशी. "गॅस्केट तीन नंबरला फुटलीये. बाकीचे तीन सिलिंडर शाबूत आहेत. हेड वाकलं असणार, किती ते उघडल्याशिवाय कळणार नाही. तेलात पाणी गेलंय. खालची बेअरिंगं अजून धरून आहेत, पण घासली गेलीयेत. तीन नंबर बंद करून बाकी तिघांवर गाडी चालेल. किती चालेल?" तिने माझ्याकडे बघितलं. "अंदाज सांगा, बाबा. धीर नको."

मी डोळे मिटले. इंजिन आठवलं, भाऊ नाही. "वीस किलोमीटर. देव पावला तर पंचवीस."

"आणि राहिलेत सव्वीस."

"एक किलोमीटर चालायला माझी ना नाही," नर्सबाई म्हणाल्या. "तेवढंच वजन उतरेल."

पण गोष्ट हसण्यावारी नेण्याची नव्हती. चाळीस लिटर पाणी होतं. मदतीचा ट्रक येईपर्यंत तिथेच सावलीत बसून राहिलो असतो तर तिघांना ते जेमतेम पुरलं असतं, आणि आम्ही नक्की जगलो असतो. इंजिनात ओतलं तर बारा लिटर लगेच गेले, वाटेत आणखी जाणार. मध्येच गाडी जाम झाली तर आम्ही तिघं उघड्या पठारावर, अर्ध्या पाण्यानिशी. सुनेने हे सगळं बोटांवर मोजून आम्हाला सांगितलं.

"ह्यात माझं मत धरू नका," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात मी एवढं जड वाक्य बोललो नव्हतो.

"मी पेशंट बघायला निघालेय," नर्सबाई म्हणाल्या. "इथे सावलीत बसून कुठला पेशंट बघू? मिस्त्रींचा दुखरा गुडघा?"

सुनेने पठाराकडे बघितलं. "पहाटे निघायचं. गारव्यात. आणि ज्या घटकेला मी म्हणेन थांबा, त्या घटकेला थांबायचं. वाद नाही."

संध्याकाळपर्यंत आम्ही काम केलं. वरचं झाकण उघडून तीन नंबरच्या झडपा उघडणाऱ्या दोन लांब काड्या काढून घेतल्या, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जाणार नाही. त्याचा प्लग काढलेलाच ठेवला, म्हणजे आत येणारं पाणी बाहेर फेकलं जाईल. रेडिएटरचं झाकण अर्धं सैल, म्हणजे आत दाब चढणार नाही. तेलाला आम्ही रात्रभर हात लावला नाही. पाणी जड, तेल हलकं; उभं राहिलं की पाणी तळाला बसतं.

पहाटे मी गाडीखाली सरकलो आणि तेलाच्या चेंबरचा तळातला बोल्ट अलगद सैल केला. आधी पाणी आलं, दोन पेले. मग पांढरट चिखल. मग जाड तेलाची धार दिसली तसा बोल्ट आवळला. वरून जवळचं दोन लिटर नवं तेल ओतलं. रेडिएटरमध्ये बारा लिटर पाणी. सुनेने किल्ली फिरवली.

फट्! फट्! तीन नंबरच्या भोकातून पाण्याचे तुषार उडाले. इंजिन लंगडत, थरथरत, आजाऱ्यासारखं खोकत चालू झालं. पण चालू झालं!

चार किलोमीटर गेलो की थांबायचं, दहा मिनिटं गार होऊ द्यायचं, पाणी बघायचं, तेल बघायचं. काडी आता आम्ही दोघं बघायचो, आधी ती, मग मी, आणि मग बोलायचो. चार किलोमीटर. आठ. बारा. सूर्य वर आला. पठार झळकू लागलं. पायाखाली मिठासारखी पांढरी पापडी चुरचुरत होती आणि चारी दिशांना एकसारखंच दिसत होतं, कुठे पोचतोय की जागच्या जागी फिरतोय हे फक्त मीटरवरून कळत होतं. प्रत्येक थांब्याला रेडिएटरमधलं पाणी दोन लिटर कमी झालेलं असायचं. डब्यातली पातळी बघायला मला भीती वाटू लागली.

चौदाव्या किलोमीटरला जमिनीचा रंग बदलला. पांढऱ्याचा राखाडी झाला.

"पापडीखाली चिखल आहे," सून म्हणाली. "इथे थांबलो तर रुततो. बाबा, किती लांब असेल?"

मी दुर्बिणीने बघितलं, आणि ह्या वेळी काट्याकडेही बघितलं. "तीन किलोमीटर. काटा मध्यावर आहे. हीटर गरम आहे."

"धरून बसा!"

तिने दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घातली. चाकं पापडी फोडत निघाली. मागे चिखलाचे फवारे उडत होते. गाडी डावीकडे घसरली, उजवीकडे घसरली. एक किलोमीटर. काटा चढू लागला. दीड. आणि तेवढ्यात खालून ठोका आला.

ठक. ठक. ठक.

"बाबा?"

"बेअरिंग," मी म्हणालो. "लपवत नाही. बेअरिंग जायला लागलंय."

"थांबू?"

"थांबलीस तर रुतशील."

"मग बोला! माझ्याशी बोलत राहा!"

"ठोका जोर दिला की वाढतोय. पाय हलका ठेव. असाच. काटा लाल रेघेच्या दोन बोटं खाली. हीटर गरम. पाय हलका. असाच!"

नर्सबाई मागे पेटी छातीशी धरून बसल्या होत्या. "माझ्याशीपण कुणीतरी बोला रे!" त्या ओरडल्या.

आणि चाकांखाली पुन्हा चुरचुर आली! कडक जमीन! सुनेने तिथेच गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

अर्ध्या तासाने पुन्हा निघालो. आता चालण्याच्या वेगाने. ठोका प्रत्येक किलोमीटरला मोठा होत गेला. अठरा. वीस. एकविसाव्याला मला खांब दिसला! आभाळात उभी एक काळी रेघ! बाविसाव्याला इंजिनातून एक लांब किंकाळी आली, मागची चाकं एकदम अडली, आणि सगळं शांत झालं.

मी हँडल घालून बघितलं. हलेना. आम्ही दोघांनी जोर लावला. हलेना.

"जाम," सून म्हणाली.

"जाम," मी म्हणालो.

चार किलोमीटर राहिले होते. साडेनऊ वाजले होते. सुनेने डबा हलवून बघितला, अकरा लिटर. तिने पाच लिटर एका कॅनमध्ये भरलं, सहा लिटर गाडीत ठेवलं.

"हे तुमचं," ती म्हणाली. "तुम्ही इथे थांबा."

"माझा भाऊ आहे तो!"

"तुमचा गुडघा दोन किलोमीटरच्या पुढे वाकत नाही. वाटेत पडलात तर नर्सबाईंना दोन पेशंट. मी एकाकडे जाऊ की दुसऱ्याकडे?"

मी नर्सबाईंकडे बघितलं. त्या पेटीचा पट्टा खांद्याला अडकवत होत्या. "नातेवाइकांनी बाहेर थांबावं," त्या म्हणाल्या, आणि मग मऊ आवाजात, "मी त्याच्याजवळ पोचते, मिस्त्री. माझ्यावर सोडा."

सुनेने गाडीवरची नारिंगी ताडपत्री गुंडाळून काखेत मारली. "खांबाला कप्पी आहे. काका जिवंत असतील तर ही वर चढवीन."

"आणि नसेल तर?"

"नसतील तर मी स्वतः चालत येईन सांगायला. असलं काही कापडाने सांगायचं नसतं."

त्या दोघी गेल्या. मी गाडीच्या सावलीत बसून दुर्बीण लावली. दोन ठिपके लहान लहान होत गेले. ऊन चढलं, हवा थरथरू लागली, ठिपके त्यात विरघळले आणि पुन्हा दिसले. मी देवाचं नाव घेतलं नाही. मला फक्त आठ वाजताचा तो खाकरण्याचा आवाज आठवत होता.

अकराच्या सुमारास ठिपके घराशी पोचले. आत गेले. लगेच एक बाहेर आला. इकडे तिकडे हलला. आणि मग माझ्या दिशेने निघाला.

चालत येईन सांगायला, म्हणाली होती ती.

ठिपका चालत होता. माझ्याकडेच! दहा पावलं, वीस, तीस. मी दुर्बीण खाली ठेवली. बघवेना. परत उचलली. ठिपका घराच्या अलीकडे, एका कडेला उभ्या असलेल्या टाकीशी थांबला होता. तो खाली वाकला. जमिनीशी मिळून गेला. दुसरा ठिपका घरातून निघून त्याच्याकडे पळत आला आणि तोही खाली बसला. कोणीच उठेना. पाच मिनिटं. दहा. मी उभा राहिलो होतो, बॉनेटला धरून, आणि कशासाठी उभा आहे हे मला कळत नव्हतं.

मग एक ठिपका उठला आणि पळत खांबाकडे गेला.

खांबावर काहीतरी हललं. वर सरकलं. मध्येच अडकलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. वाऱ्याने ते उघडलं.

नारिंगी!

मी त्या पठारावर एकटा, म्हातारा माणूस, मोठ्याने रडलो. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून चांगलंच रडलो.

बाकीचं सूनबाईने संध्याकाळी पाणी घेऊन आल्यावर सांगितलं. वादळात रेडिओची तार तुटली होती. ती जोडायला भाऊ खांबावर चढला आणि पडला. मांडीचं हाड मोडलं. घराच्या दारापर्यंत सरकणं जमेना, पण टाकी जवळ होती. टाकीची तोटी गळकी होती. पाच दिवस तो तिच्याखाली तोंड उघडं ठेवून पडून होता. "डोळे उघडून मला म्हणाले," सून सांगत होती, "'आलात? किती वाजले?' मी सांगितलं तर म्हणाले, 'आठच्या आकड्यांची वेळ गेली मग.'" नर्सबाईंनी पाय फळीला बांधला, अंगात सलाईन लावलं. त्या म्हणाल्या होत्या, अजून एक दिवस गेला असता तर पुढचं त्या सांगू इच्छित नाहीत. सून खांबावर चढली, तार जोडली, आणि रेडिओवर पहिला आवाज गेला तो तिच्या नवऱ्याच्याच कानात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मदतीचा ट्रक रस्ता बदलून केंद्रावरून आमच्याकडे आला. मागे गादीवर भाऊ, त्याच्या उशाशी नर्सबाई. ट्रकचा ड्रायव्हर तरणाताठा, बोलका. जीपभोवती फिरून म्हणाला, "आजोबा, काय झालंय हिला? दोर बांधून ओढू का?"

मी बॉनेट उघडलं. सून शेजारी येऊन उभी राहिली.

"खालचा पाइप फाटला," मी सांगितलं. "पाणी गेलं. काटा खाली पडला, ही मला दोनदा म्हणाली, मी न बघता पुढे चल म्हणालो. तीन नंबरला गॅस्केट फुटली, हेड वाकलं, तेलात पाणी शिरलं. तेलाची काडी मी पुसून टाकली आणि साफ आहे म्हणालो. मग हिने तपासलं. तीन सिलिंडरवर बावीस किलोमीटर आणली हिने. आता बेअरिंग वितळून जाम झालंय, क्रँकही गेला असणार. ओढून नेण्यात अर्थ नाही. चिखलात ही तुमचा ट्रकही अडकवेल."

ड्रायव्हर बघत राहिला. एवढं खरं त्याने कुठल्या मिस्त्रीकडून ऐकलं नसावं.

"हे बरोबर आहे का?" त्याने सुनेला विचारलं.

तिने वाकून एकदा आत बघितलं, नियमाप्रमाणे. "बरोबर आहे," ती म्हणाली. "हेडला तडाही आहे. तो त्यांना दिसला नाही."

मी वाकून बघितलं. होता. केसाएवढा.

"दादा!" ट्रकमधून भाऊ ओरडला. आवाज फाटका होता, पण होता. "पोस्टमॉर्टेम झालं असेल तर चढ की वर! इथे जिवंत माणूस भाजतोय!"

मी बॉनेट लावलं. हाताने दाबून, कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत. आणि सुनेचा खांदा धरून ट्रकमध्ये चढलो.